‘म्हणे’ आणि ‘आहे’ : ‘द शायनिंग’ या रहस्यपटातील प्रमाणविचार

१. विषयप्रवेश

‘त्या वाड्यात भूत आहे’ आणि ‘त्या वाड्यात भूत आहे म्हणे’ ही दोन वाक्ये एका अव्ययापुरती वेगळी आहेत. परंतु दुसरे वाक्य उच्चारणारा मनुष्य त्यातील विधानाचा भार स्वतःच्या शिरावर घेत नाही. आपण हे कोणाकडून तरी ऐकले आहे, ऐकले तसे पुढे देत आहो, त्याच्या खरेखोटेपणाविषयी आपणांस विचारू नये, इतका सगळा आशय ‘म्हणे’ या दोन अक्षरांत सामावलेला असतो. रूपदृष्ट्या हे ‘म्हणणे’ या धातूचे तृतीय पुरुषी एकवचनी जुने वर्तमानकाळी रूप होय. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ ही जी नाममुद्रा येते तीत हेच रूप आहे. भेद इतकाच की तेथे म्हणणारा नावानिशी उभा असतो. बोलीतील ‘म्हणे’चा कर्ता लोपलेला आहे, आणि कर्ता लोपल्यामुळेच ते क्रियापद अव्ययाच्या कोटीस पोचले आहे.

विधान कोणत्या आधारावर केले आहे हे व्याकरणाच्या द्वारे सूचित करण्याच्या या व्यवस्थेला आपण ‘प्रमाणदर्शकता’ म्हणू. मराठीत तिची किमान चार स्थाने सहज दाखविता येतात. ‘दार उघडे आहे’ हे स्वार्थातील विधान, म्हणजे क्रियापदाच्या सरळ, विनाअट अर्थातील विधान होय. ‘दार उघडे असेल’ यात तर्क आहे. ‘दार उघडे असावे’ यात काही खुणांवरून काढलेले अनुमान आहे. आणि ‘दार उघडे आहे म्हणे’ यात परक्याच्या शब्दाची केवळ पोच आहे.

प्रस्तुत लेखात या चार स्थानांच्या आधारे एका रहस्यपटाचा विचार करावयाचा आहे. झपाटलेले समजले जाणारे हॉटेल हा ज्याचा विषय, अशा चित्रपटाचे सारे रहस्य ‘समजले जाणारे’ या शब्दांत असते. परंतु चित्रपटाच्या माध्यमापुढे येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. पडद्यावरील चित्र नेहमी स्वार्थातच असते. पात्राच्या तोंडी ‘म्हणे’ घालता येते. चित्राला ‘म्हणे’ जोडता येत नाही. भूत पडद्यावर दिसले की ते ‘आहे’. मग संशय टिकवावयाचा कसा, आणि तो कोणत्या क्षणी संपवावयाचा? स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ (१९८०) या चित्रपटाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे ते भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे.

२. कथानक

स्टीफन किंग यांच्या १९७७ मधील कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला असून पटकथा कुब्रिक आणि डायान जॉन्सन यांनी लिहिली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पर्वतराजीत ‘ओव्हरलुक’ नावाचे एक भव्य हॉटेल आहे. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ते बंद होतात, म्हणून ३० ऑक्टोबरपासून १५ मेपर्यंत ते मिटलेले असते. या काळासाठी रखवालदार म्हणून जॅक टॉरन्स (जॅक निकल्सन) हा पूर्वीचा शिक्षक नेमला जातो. निवांतपणी लेखन करावे हा त्याचा हेतू. पत्नी वेंडी (शेली डुव्हल) आणि लहान मुलगा डॅनी (डॅनी लॉइड) त्याच्याबरोबर येतात. डॅनीला न घडलेले आणि घडून गेलेले पाहण्याची शक्ती आहे. हॉटेलचा वृद्ध आचारी हॅलोरन (स्कॅटमन क्रॉदर्स) तीच शक्ती बाळगून आहे, आणि चित्रपटाचे नाव या शक्तीवरूनच आले आहे. हिवाळा वाढत जातो तसा जॅक पालटत जातो. शेवटी कुऱ्हाड घेऊन तो बायकोमुलाच्या मागे लागतो आणि बागेतील झुडपांच्या चक्रव्यूहात गोठून मरतो. हॉटेल खरोखर झपाटलेले आहे, की एकांत आणि मद्याचे जुने व्यसन यांनी एका दुबळ्या मनुष्याचे डोके फिरले आहे, हा प्रेक्षकापुढील प्रश्न.

३. ऐतिह्य : वडावरचा यक्ष

आपल्या प्राचीन तत्त्वचिंतकांनी ज्ञानाच्या साधनांचा विचार करताना ‘ऐतिह्य’ नावाच्या एका प्रकाराची चर्चा केली आहे. ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाही अशी परंपरेने चालत आलेली वदंता म्हणजे ऐतिह्य. त्याचे ठराविक उदाहरण मोठे मार्मिक आहे : या वडावर यक्ष राहतो. झपाटलेल्या जागेविषयीचे विधान हेच कर्ताहीन वाक्याचे आदर्श उदाहरण म्हणून शास्त्रकारांस सुचावे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. नैयायिकांनी ऐतिह्याचा समावेश शब्दप्रमाणातच केला. वाचस्पतिमिश्रांनी सांख्यकारिकेवरील टीकेत एक महत्त्वाचा मुद्दा मांडला तो असा की, वक्ता अनिर्दिष्ट असल्यामुळे असे विधान संशयास्पदच राहते. मूळ वक्ता आप्त, म्हणजे विश्वसनीय, असल्याचे ठरले तर मात्र ते ऐतिह्य न राहता आगमात मोडते. म्हणजे विधानाचा मजकूर तोच असूनही वक्त्याच्या निश्चितीने त्याचा दर्जा पालटतो.

आता चित्रपटाच्या आरंभीचा मुलाखतीचा प्रसंग पाहू. व्यवस्थापक उल्मन (बॅरी नेल्सन) जॅकला नोकरीचे स्वरूप समजावून देतो आणि मग काहीसा संकोचून १९७० च्या हिवाळ्यात घडलेली दुर्घटना सांगतो. आपल्या आधीच्या व्यवस्थापकाने चार्ल्स ग्रेडी नावाच्या माणसास रखवालदार नेमले होते, हे तो सरळ सांगतो. ग्रेडीच्या मुलींची वये सांगताना ‘मला वाटते’ असे पुस्ती जोडतो. तो माणूस अगदी सामान्य दिसत असे, हे सांगताना ‘मला जे सांगण्यात आले त्यावरून’ अशी मर्यादा घालतो. त्याच्या मनाचा तोल गेला ‘असावा’, असे अनुमान करतो. पोलिसांना त्यात जुन्या लोकांच्या भाषेतील एकांतवेड दिसले, म्हणजे पोलिसांचे मत आणि त्याआड जुन्या लोकांचा शब्द, असा दुहेरी हवाला देतो. या सर्व पडद्यांच्या मधोमध एकच वाक्य कोणत्याही आधारावाचून, उघड्या स्वार्थात येते : त्याने बायकोमुलींना कुऱ्हाडीने ठार मारले. पुढे हॉटेल दाखविताना हाच उल्मन सांगतो की इमारतीचे काम १९०७ मध्ये सुरू होऊन १९०९ मध्ये पुरे झाले, आणि ही जागा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या दफनभूमीवर आहे असे ‘समजतात’. सनावळी स्वार्थात, दफनभूमी ‘म्हणे’च्या कक्षेत. इंग्रजीत ‘म्हणे’सारखे अव्यय नसले तरी त्याचे कार्य करणारे वाक्प्रकार आहेत, आणि पटकथाकारांनी ते किती नेमकेपणाने वापरले आहेत हे यावरून ध्यानात येईल.

उल्मनच्या बोलण्यात लबाडी नाही. आपण स्वतः काय जाणतो आणि काय ऐकले आहे याची सीमा तो प्रामाणिकपणे पाळतो. जॅक मात्र ही सीमा ऐकतच नाही. आपल्या बाबतीत असे काही होणार नाही, आणि भुताच्या गोष्टींची शौकीन असलेली आपली बायको ही हकीकत ऐकून खूष होईल, एवढेच तो हसून सांगतो. ऐकलेली हकीकत त्याच क्षणी ‘गोष्ट’ होते.

४. निषेधातील गृहीत

ऐतिह्याहून सूक्ष्म असा दुसरा भाषिक प्रकार स्वयंपाकघरातील संभाषणात आढळतो. डॅनी हॅलोरनला विचारतो की २३७ क्रमांकाच्या खोलीत काय आहे. हॅलोरन उत्तरतो की तेथे काहीही नाही. आणि लगोलग बजावतो की तेथे तुझे काही काम नाही, त्या खोलीपासून दूर राहा. वाक्यार्थाने पाहता पहिले विधान नास्तिवाचक आहे. परंतु दुसरे आज्ञार्थी वाक्य पहिल्यास खोटे पाडते. जेथे काहीच नाही तेथे जाण्यास मनाई कशासाठी? निषेध हा निषेध्य वस्तूचे अस्तित्व गृहीत धरतो. चित्रपटाने अद्याप काहीही दाखविलेले नाही, कोणी ‘भूत आहे’ असे म्हटलेलेही नाही. तरी या क्षणापासून ती खोली प्रेक्षकाच्या मनात रिकामी राहत नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ नको असे मुलाला बजावणारी आजी विहिरीत काय आहे ते सांगत नाही, आणि न सांगण्यानेच सांगते, त्यातलाच हा प्रकार.

५. प्रत्यक्ष आणि अनुमान

यानंतर चित्रपट ऐकीवाकडून दृष्टाकडे वळतो. डॅनीला दालनात हातात हात घालून उभ्या असलेल्या दोन मुली दिसतात, उद्वाहकाच्या दारातून रक्ताचा लोट येताना दिसतो. ही चित्रे स्वार्थातली आहेत. परंतु ती पाहणारे डोळे एका असामान्य मुलाचे आहेत, आणि ही पुस्तकातल्या चित्रांसारखी आहेत, खरी नव्हेत, असे तो स्वतःला समजावतो. चित्राला ‘म्हणे’ जोडता येत नाही. परंतु ते ‘डॅनीला दिसते’ या वाक्यात बसविता येते. मराठीत सांगावयाचे तर ‘आहे’च्या जागी ‘दिसते’ आले.

जॅकच्या बाबतीत याहून कसबी योजना आहे. रिकाम्या मद्यगृहात त्याला लॉइड नावाचा मद्य देणारा भेटतो तेव्हा जॅकच्या समोर, लॉइडच्या पाठीमागे, आरसा आहे. २३७ क्रमांकाच्या खोलीत त्याला मिठीतील तरुणी ही कुजलेली वृद्धा आहे हे कळते ते आरशात पाहून. लाल भिंतींच्या प्रसाधनगृहात ग्रेडीशी त्याचे संभाषण होते तेथेही आरसे आहेत. त्यामुळे जॅक आपल्याच प्रतिबिंबाशी बोलत आहे, हा पर्याय खुला राहतो. प्रत्यक्षावर संशयाची खूण उमटविण्याचे काम येथे आरसा करतो. आरसा हेच या चित्रपटाच्या दृश्यभाषेतील ‘म्हणे’ होय असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अनुमानाचीही अशीच कोंडी केलेली आहे. डॅनी एके दिवशी फाटलेल्या सदऱ्याने आणि गळ्यावर वळ घेऊन येतो. वळ हे लिंग, म्हणजे खूण, आहे. धूर दिसला तर अग्नी असावा. परंतु अग्नी कोणता? वेंडीला वाटते की जॅकने मारले असावे, कारण पूर्वी एकदा नशेत त्याने मुलाचा खांदा निखळविला होता. मग डॅनीकडून तिला कळते की त्या खोलीत एक बाई आहे. ती ते जॅकला सांगते, म्हणजे पुन्हा ‘म्हणे’. जॅक जाऊन पाहतो, आणि परत येऊन सांगतो की तेथे काहीही नाही, डॅनीने स्वतःच स्वतःला इजा केली असावी. या ठिकाणी प्रेक्षकास प्रथमच कळते की प्रत्यक्ष साक्षीदार खोटे बोलतो आहे. त्याने पाहिलेले खरे होते की भास, हे ठरविता येत नाही. परंतु पाहिलेले त्याने लपविले, हे निश्चित. मूळ वक्ता सापडला, आणि तो आप्त नाही असे ठरले.

६. अडसराचा आवाज

ही सारी गुंतागुंत एका अडसरापाशी सुटते. वेंडी बेशुद्ध जॅकला कोठीच्या खोलीत ओढून नेते आणि बाहेरून अडसर घालते. हा अडसर घालतानाची तिची धडपड चित्रपट सावकाशीने दाखवितो, कारण तो बाहेरूनच उघडतो हे प्रेक्षकाच्या मनावर पुरते ठसणे अवश्य आहे. पुढे आत कोंडलेल्या जॅकशी दारापलीकडून ग्रेडी बोलतो. येथे आरसा नाही. आणि ग्रेडीही दिसत नाही, केवळ त्याचा स्वर येतो. जॅक शब्द देतो, आणि अडसर सरकल्याचा आवाज होतो. फ्रेंच समीक्षक मिशेल सिमां यांना दिलेल्या मुलाखतीत कुब्रिक यांनी स्वतःच सांगितले आहे की या क्षणापर्यंत सर्व घटनांचा मानसशास्त्रीय उलगडा शक्य असतो; अडसर सरकला की अतिमानुषावाचून दुसरे स्पष्टीकरण उरत नाही.

त्याच मुलाखतीत त्यांनी स्टीफन क्रेन यांच्या ‘द ब्लू हॉटेल’ (१८९८) या कथेचा दाखला दिला आहे. तिच्यात एक स्वीडिश प्रवासी हॉटेलात उतरल्यापासून आपला येथे खून होणार अशा भयाने पछाडलेला असतो. पत्त्यांच्या डावात मालकाचा मुलगा लबाडी करतो असा आरोप तो करतो. वाचक तो आरोप त्याच्या भ्रमिष्टपणाच्या खाती टाकतो. शेवटी तो मारला जातो, आणि त्यानंतर कळते की मुलगा खरोखरच लबाडी करीत होता. एकाने ती पाहिलीही होती, पण तो बोलला नव्हता. वक्ता वेडा आहे एवढ्यावरून त्याचे विधान खोटे ठरत नाही, हे तर्कशास्त्रातील साधे तत्त्व या कथेने वाचकास चकवून शिकविले. कुब्रिक यांनी तोच मार्ग पत्करला : प्रेक्षकास मानसिक विकृतीच्या स्पष्टीकरणावर विसंबू द्यावयाचे, आणि अतिमानुष त्या आडोशाने आत आणावयाचे.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. चित्रपट हे दृश्यमाध्यम असून त्यातील निर्णायक पुरावा डोळ्यांना दिलेला नाही, कानांना दिलेला आहे. ज्या चित्रपटाची सुरुवात उल्मनच्या ऐकीव हकीकतीने झाली त्याचा निर्णयही ऐकण्यानेच झाला. परंतु दोन ऐकण्यांत महत्त्वाचा भेद आहे. उल्मनकडून आपण शब्द ऐकले, आणि शब्दाला वक्ता लागतो, तो आप्त आहे की नाही हे पाहावे लागते. अडसराचा आवाज ही वस्तूची स्वतःची खूण आहे. तिला वक्ता नाही, म्हणून तिच्याबाबत आप्तानाप्ततेचा प्रश्नच संभवत नाही. ‘म्हणे’ गळून पडण्यास यापेक्षा योग्य स्थान कोणते असणार?

७. म्हण आणि तिची भाषांतरे

कथेतील दुसरे रहस्य जॅकच्या लेखनाचे आहे. तो महिनोन्‌महिने टंकयंत्रावर काय लिहीत आहे हे वेंडीला एके दिवशी कळते. शेकडो पानांवर एकच वाक्य वेगवेगळ्या मांडणीत टंकित केलेले आहे. ते वाक्य म्हणजे एक इंग्रजी म्हण होय; तिचा आशय असा की, नुसते काम आणि खेळ मुळीच नाही असे झाले तर जॅक मठ्ठ होतो. ही पाने किंग यांच्या कादंबरीत नाहीत. ती चित्रपटाची स्वतंत्र भर आहे.

‘म्हण’ हा शब्द आणि ‘म्हणे’ हे अव्यय एकाच धातूपासून आले आहेत, हा योगायोग नव्हे. म्हण म्हणजे जिचा कर्ता हरपला आहे असे वाक्य. सर्व जण ती म्हणतात, पण ती कोणाचीच नसते. स्वतःचे पुस्तक लिहावयास आलेल्या माणसाजवळ स्वतःचे एकही वाक्य उरलेले नाही. परक्याचे, कोणाचेही नसलेले वाक्य त्याच्या बोटांतून वाहते आहे. त्यात त्याचे नाव आहे, तेही स्वतःचे म्हणून नव्हे. आपल्याकडील सोम्यागोम्यासारखे ते इंग्रजीतील कोणाही पोराचे नाव आहे. वेंडी भयचकित होते ती भुताला पाहून नव्हे. तिने अजून भूत पाहिलेलेच नाही. ती हे टंकित कागद पाहून भयचकित होते, आणि तिचे भय सर्वस्वी यथार्थ आहे.

परभाषांतील आवृत्त्यांसाठी कुब्रिक यांनी या पानांचे वेगळे संच तयार करवून त्यांचे चित्रीकरण केले. भाषांतराच्या अभ्यासकास हे संच विशेष उपयोगी आहेत. इटालियन वाक्याचा अर्थ, सकाळच्या मुखात सोने असते. जर्मन वाक्याचा, जे आज करता येईल ते उद्यावर ढकलू नये. स्पॅनिश वाक्याचा, कितीही पहाटे उठले तरी त्यामुळे लवकर उजाडत नाही. फ्रेंच वाक्याचा, एक ‘हे घे’ दोन ‘तुला मिळेल’पेक्षा बरे. यांपैकी एकाचाही अर्थ मूळ इंग्रजी म्हणीशी जुळत नाही. त्यांत खेळ नाही, मठ्ठपणा नाही, जॅकही नाही. इंग्रजी म्हण कामाच्या अतिरेकाला दूषण देते; जर्मन म्हण कामास जुंपते; स्पॅनिश म्हण घाईची व्यर्थता सांगते. अर्थाच्या कसोटीवर ही भाषांतरे पूर्णपणे फसलेली ठरतील. तरीही ती योग्य आहेत, कारण येथे भाषांतरित करावयाचा होता तो वाक्याचा अर्थ नव्हे, वाक्याची जात. प्रत्येक प्रेक्षकाला आपल्या भाषेतील गुळगुळीत, शाळेत गिरविलेले, कर्ता हरपलेले वाक्य समोर दिसावे, एवढेच साधावयाचे होते.

मराठी आवृत्ती करावयाची झाल्यास कोणती म्हण घ्यावी, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात चर्चेस घेण्याजोगा आहे. स्पॅनिश म्हणीची सख्खी बहीण आपल्याकडे आहे : कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही. तेथे लवकर उठून पहाट ओढून आणता येत नाही. येथे कोंबडे झाकून ती थोपविता येत नाही. फ्रेंच म्हणीला ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे’ जवळचे आहे. परंतु प्रस्तुत लेखकास ‘उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी’ ही म्हण अधिक उचित वाटते. शाळेच्या भिंतीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले हे वाक्य शेकडो पानांवर अखंड उतरलेले पाहताना त्यातील उपदेशाचे जे काही होते, ते भयाच्या अगदी निकट जाते.

८. ‘असणे’ आणि ‘लागणे’

इंग्रजीत झपाटलेल्या जागेसाठी वापरला जाणारा शब्द मुळात वारंवार येणेजाणे या अर्थाचा आहे. तो प्राधान्याने स्थानाला लागतो. मराठीची विभागणी याहून काटेकोर आहे. पिंपळावर मुंजा ‘असतो’. माणसाला भूत ‘लागते’, ते त्याला ‘धरते’, ‘झपाटते’. अंगात आले म्हणजे तोंड याचे आणि बोलणे दुसऱ्याचे होते. ‘द शायनिंग’चा प्रवास असण्याकडून लागण्याकडे आहे, आणि त्याची लक्षणे सर्वस्वी भाषिक आहेत.

डॅनीच्या तोंडात टोनी नावाचा एक मुलगा राहतो असे डॅनीच सांगतो, आणि तो बोलतो तेव्हा डॅनीचा स्वर पालटतो. पुढे टोनीच वेंडीला सांगतो की डॅनी येथे नाही. दारावर डॅनीने उलट्या क्रमाने लिहिलेला शब्द आरशात पाहिल्यावर ‘खून’ या अर्थाचा ठरतो. परंतु त्याआधी तो उलटा शब्द डॅनीने पुनःपुन्हा उच्चारलेला असतो, म्हणजे अर्थावाचूनचा ध्वनी आधी आला आणि अर्थ मागाहून.

जॅकच्या ठायी हे संक्रमण ग्रेडीशी झालेल्या संभाषणात घडते. ग्रेडी (फिलिप स्टोन) सेवकाच्या अदबीने, ‘सर’ असे संबोधून बोलतो. आपले नाव तो डेल्बर्ट सांगतो, चार्ल्स नव्हे. उल्मनच्या ऐकीव माहितीतील तपशीलही असा डळमळीत होतो. जॅक त्याला म्हणतो की तुम्ही येथील रखवालदार होता. ग्रेडी शांतपणे उत्तरतो की रखवालदार तुम्हीच आहात, नेहमी तुम्हीच. इंग्रजी क्रियापदाचे जे रूप तेथे योजले आहे त्यात भूत आणि वर्तमान दोन्ही सामावतात. मराठीत ‘होता’ आणि ‘आहात’ यांपैकी एक निवडावे लागते, अथवा ‘राहत आला आहात’ असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. त्या एका क्रियारूपाने जॅकचा स्वतःचा भूतकाळ काढून घेतला जातो आणि हॉटेलचा भूतकाळ त्याला चिकटविला जातो. आपल्या मुलींना आणि पत्नीला आपण ‘सुधारले’, असे ग्रेडी सांगतो. या सौम्योक्तीसाठी मराठीतही तेच क्रियापद चालेल. ‘वळण लावले’, ‘समज दिली’ हे आपल्याकडील पर्यायही तितकेच सभ्य आणि तितकेच भयंकर आहेत. थोड्याच वेळाने जॅक कोठीच्या दाराआडून आपण हे काम पुरे करू असा शब्द देतो. तो शब्द त्याच्या मुखातून निघतो. त्याचा कर्ता तो आहे असे म्हणणे मात्र कठीण आहे.

चित्रपटाच्या अखेरीस भिंतीवरील एका जुन्या छायाचित्रावर कॅमेरा स्थिरावतो. मेजवानीस जमलेल्या स्त्रीपुरुषांच्या मधोमध जॅक हसतो आहे, आणि खाली तारीख आहे ४ जुलै १९२१. छायाचित्र म्हणजे प्रत्यक्षाचा लेख, तारीख म्हणजे शब्द. दोन्ही निःशंक स्वार्थात आहेत. आणि ती कोणी लिहिली, कोणी टिपली, हे कोणीही सांगत नाही.

९. चित्रपटाबाहेर

किंग यांना ही कथा सुचली ती १९७४ मध्ये कोलोरॅडोतील एस्टेस पार्क येथील स्टॅन्ली हॉटेलात, हंगामाच्या अखेरीस जवळजवळ रिकाम्या झालेल्या इमारतीत, २१७ क्रमांकाच्या खोलीत उतरले असताना. कादंबरीतील निषिद्ध खोलीचा क्रमांकही २१७ च आहे. चित्रपटातील अंतर्भाग इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे उभारण्यात आला. बाह्यदृश्यांसाठी ऑरेगन राज्यातील टिंबरलाइन लॉज निवडण्यात आले. पुढे पाहुणे २१७ क्रमांकाच्या खोलीत राहण्यास कचरतील अशा शंकेने त्या हॉटेलच्या चालकांनी क्रमांक बदलण्याची विनंती केली, आणि जो क्रमांक तेथे अस्तित्वातच नाही तो २३७ घेण्यात आला. घडले ते उलटेच. चालकांनीच पुढे नमूद केल्याप्रमाणे, इतर कोणत्याही खोलीपेक्षा २१७ चीच मागणी त्यांच्याकडे अधिक होते. स्टॅन्ली हॉटेलात तर भुताखेतांच्या सहली चालतात. कल्पित कथेतील विधान वास्तव इमारतीस चिकटले, आणि ते आता कोणाचे विधान आहे हे सांगणे अवघड झाले. वडावर यक्ष असाच राहावयास येत असावा.

हॉटेलांच्या बाबतीत हे निरुपद्रवी आहे. परंतु वाक्य एका मुखातून दुसऱ्या मुखात जाताना सर्वांत आधी गळते ते ‘म्हणे’, ही गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार केले. ‘टोळी आली आहे म्हणे’ आणि ‘टोळी आली आहे’ या दोन वाक्यांतील अंतर तेथे पाच जिवांइतके होते. उल्मनने बोलताना जी सीमा पाळली, आणि जॅकने जी ऐकली नाही, ती सीमा हीच.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘म्हणे’ची नोंद व्याकरणातील एक किरकोळ अव्यय म्हणून करून पुढे जाऊ नये, असे सुचवावेसे वाटते. कोणत्या बोलींत ते वाक्याच्या अखेरीस येते, कोणत्या बोलींत मध्ये येते, कोठे ते केवळ पोच देते आणि कोठे अविश्वास अथवा नवल सुचविते, चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांत परभाषेतील असे वाक्प्रकार राखले जातात की गाळले जातात, हे सर्व पद्धतशीर संकलनाचे विषय आहेत. आणि असे संकलन करताना प्रत्येक नोंदीपुढे एक स्तंभ अवश्य ठेवावा : हे वाक्य कोणी म्हटले.